निजता, उठता, वाटेने चालता: घरचा विश्वास पुढच्या पिढीच्या हाती कसा द्यावा

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नेवासे तालुक्यातल्या आमच्या घरी कंदील लागला की ती धाकट्या काकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बसवायची आणि स्वतः चुलीपुढे भाकरी थापत असायची. काकांनी एखादा शब्द गाळला की तिचा हात थांबायचा. "सुटलं काहीतरी. परत वाच." ऐकून ऐकून तिला कितीतरी स्तोत्रे पाठ झाली होती आणि तिच्यामुळे ती आम्हा नातवंडांनाही पाठ झाली. "आता पाठ करा" असे मात्र तिने आम्हाला कधी सांगितल्याचे आठवत नाही.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात रविवारच्या शाळेत शिकवते. दरवर्षी एखादी आई उपासनेनंतर मला बाजूला घेते आणि म्हणते, "बाई, मुलगा चर्चला यायला तयार नाही. तुम्हीच काहीतरी सांगा ना त्याला." मी सांगते, पण मला ठाऊक असते की आठवड्याच्या १६८ तासांतला फक्त एक माझ्या वाट्याला येतो. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, मोशेने आईबापांना वेळापत्रकच दिले आहे: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता या गोष्टींविषयी मुलांशी बोलत जा. त्यात मंदिराचा उल्लेख नाही आणि याजकाचाही नाही. मी त्या चार वेळांच्याच आधाराने लिहिते आहे, फक्त क्रम माझा आहे, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा.

निजताना

सगळे एकदम सुरू करू नका, रात्रीपासून सुरुवात करा. मूल थकलेले असते आणि आईबाप जवळ हवे असतात. पाच मिनिटे पुरतात.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पलंगाच्या कडेवर बसा. दोनच गोष्टी विचारा: आज काय छान झालं आणि आज काय टोचलं? उत्तर आले की तेच शब्द प्रार्थनेत घ्या. "प्रभू, आज डब्यातली पोळी मित्राबरोबर खाल्ली, तुझे आभार. बाईंनी सगळ्यांसमोर रागावलं, त्याचं वाईट वाटतंय." एवढीच प्रार्थना पुरे. मग तुमच्या दिवसातलेही एक वाक्य बोला, खरे असेल ते. आईलाही ऑफिसात अपमान सोसावा लागतो आणि तीही तो देवाला सांगते, हे मुलाच्या कानावर पडू द्या.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. "देवा, याला अभ्यास करायची बुद्धी दे, मोठ्यांचं ऐकायला शिकव." डोळे मिटलेल्या मुलाला बरोबर कळते की हे देवाला उद्देशून नाही, आपल्याला ऐकवले जाते आहे. अशी पन्नास बोलणी ऐकली की प्रार्थना म्हणजे बोलणी खाणे असे त्याच्या मनात पक्के होते. सांगायचे ते दिवसा उजेडी, तोंडावर सांगा.

शेवटी डोक्यावर हात ठेवा, मुलाचे नाव घ्या आणि बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हणा: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो." गोव्यातल्या कॅथलिक घरांत रात्रीच्या तेर्सानंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, मुले थोरांपुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आम्हा प्रॉटेस्टंट घरांत ही रीत फारशी रुजली नाही, पण ती उचलण्यासारखी आहे. भांडण झालेल्या रात्रीही डोक्यावर हात ठेवायचा. त्या रात्री तर नक्कीच.

उठताना

सकाळी शाळेची बस असते, डबा असतो, गॅसवर दूध असते. लांब प्रार्थनेचा हट्ट धरला की आरडाओरड होते, म्हणून मोठे काही नको. हाक मारताना प्रेमाचा एक शब्द आणि एक वचन पुरे. पंडिता रमाबाईंनी आपल्या आईविषयी लिहून ठेवले आहे की ती पहाटे त्यांना मांडीवर घेऊन लाडाच्या शब्दांनी जागे करायची आणि पाठ द्यायची. ते पाठ हिंदू पुराणांचे होते. रमाबाई पुढे ख्रिस्ताकडे आल्या, शास्त्र मूळ भाषांतून वाचता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. शास्त्रात रमणारी ती बुद्धी पहाटे आईच्या मांडीवर घडली होती, असे मला नेहमी वाटते.

पाठांतरासाठी हीच वेळ घ्या, पण आठवड्याला एकच वचन. स्तोत्र २३ मध्ये सहा वचने आहेत, म्हणजे सहा आठवडे. त्यानंतर स्तोत्र १००, त्यात पाच. मग स्तोत्र १२१, आठ वचनांचे. वर्षाच्या साधारण एक तृतीयांश काळात तीन स्तोत्रे पोटात गेली. बक्षीस लावू नका. चॉकलेटसाठी पाठ केलेले वचन चॉकलेट संपले की विसरते, हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिले आहे.

वाटेने चालताना

स्कूटरवर, बसमध्ये, भाजी आणायला जाताना मुले सगळ्यात खरे प्रश्न विचारतात, कारण तेव्हा समोरासमोर बघावे लागत नाही. "तो माणूस रस्त्यावर का झोपलाय?" "मोहन मेला तर तो स्वर्गात जाईल का?" इथे तयार उत्तर फेकून पुढे जाऊ नका. माहीत असेल तर सांगा. नसेल तर "मलाही हे कळत नाही, पण मी हे देवाला विचारत असते" असे म्हणा. त्या एका वाक्याने पुढची दहा वर्षे प्रश्न तुमच्याकडे येत राहतील.

अ‍ॅम्ब्युलन्स गेली की आतल्या माणसासाठी एका ओळीची प्रार्थना, प्रवासाला निघताना स्तोत्र १२१ चे शेवटचे वचन, जाण्यायेण्यात परमेश्वर सांभाळील असे सांगणारे. या छोट्या सवयींना वेळ लागत नाही आणि त्या जन्मभर सुटत नाहीत. माझा भाऊ गेली कित्येक वर्षे उपासनेला जात नाही, पण गाडीची किल्ली फिरवताना त्याचे ओठ अजून हलतात.

घरी बसलेले असता: कौटुंबिक प्रार्थना

आता अवघड भाग. बहुतेक घरांत घरची प्रार्थना सुरू होते, दोन आठवडे चालते आणि बंद पडते. वेळ चुकीची निवडलेली असते, लांबण फार होते आणि सगळे एकटे वडीलच करतात.

वेळ ठरवताना घड्याळ बघू नका, आधीपासून रोज होणारी गोष्ट बघा. आमच्याकडे रात्रीचे जेवण झाले की ताटे उचलायच्या आधी तिथेच प्रार्थना होते. एकदा का माणसे उठली की पुन्हा गोळा करणे कठीण. रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन वार ठरवा आणि ते मोडू नका.

वेळ बारा मिनिटे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर सात. क्रम असा ठेवा.

गीताने सुरुवात करा, पण दोनच कडवी. "उपासना संगीत" हे आपले गीतांचे पुस्तक घरात असावेच. नारायण वामन टिळक आणि कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी आपल्याला आपल्या चालींची, आपल्या मातीतली गीते दिली आहेत आणि ती पेटीशिवाय, नुसत्या टाळ्यांवरही म्हणता येतात. आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याजवळच्या साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी शास्त्रातली कथा ओव्यांमध्ये रचली, ते पुराण १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत त्या. कानाला गोड लागणारी गोष्ट घरात टिकते, हे त्यांनी ओळखले होते. तुमचे मूल आज प्रवचन विसरेल, पण चाल विसरणार नाही.

मग वाचन. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. त्याच्या सोळा अध्यायांत ६७८ वचने आहेत, रोज दहा घेतली तर दोन महिने आणि वर थोडे दिवस लागतात. गोष्ट भराभर पुढे जाते, मुले कंटाळत नाहीत. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचने आहेत, ते या वयात नको. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय किशोरवयीन मुलांना तारखेप्रमाणे वाचता येतात, सात तारखेला सातवा.

वाचनानंतर प्रवचन नको, एक प्रश्न हवा. "येशू इथे कुणाकडे बघतोय?" "तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास?" आणि थोड्या मोठ्या मुलांना, "यातलं तुला काय पटत नाही?" मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडतात. माझ्या मुलाने तेव्हा विचारले होते, "त्या घरमालकाचं नुकसान कुणी भरून दिलं?" आम्ही अर्धा तास त्याच्यावरच बोललो. चांगले काम करताना दुसऱ्याचे छप्पर मोडते का, मोडले तर काय करायचे. त्या दिवशी बारा मिनिटांचा नियम मी आनंदाने मोडला.

त्यानंतर प्रार्थना, प्रत्येकाने एकेक वाक्य, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कामे वाटा. पाच वर्षांचे मूल पुस्तके देईल, आठ वर्षांचे गीत निवडेल, दहाचे वाचेल, बाराचे प्रश्न विचारेल. पंधराव्या वर्षी आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्याच्याकडे द्या आणि तुम्ही गप्प बसा. तो गोंधळेल, चुकीचा अध्याय काढेल. काढू द्या. जे मूल घरच्या प्रार्थनेत नुसते ऐकत बसते ते एक दिवस उठून जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ज्याच्या अंगावर काम असते त्याला आपल्यावाचून प्रार्थना अडेल असे वाटते, आणि ते तसे खरेही असायला हवे.

दानाचेही तसेच. रविवारी चर्चच्या दारात मुलाच्या हातावर दहाची नोट ठेवू नका. ते तुमचे दान झाले. शनिवारी रात्री त्याच्या खाऊच्या पैशांतून त्याला स्वतः काढायला सांगा, किती ते त्याने ठरवावे. मिझोरमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. आपल्या स्वयंपाकघरातही एक डबा त्यासाठी ठेवता येईल. मूठ मुलाची असू द्या आणि महिनाअखेरीला डबा ज्या घरी द्यायचा तिथे त्यालाच न्या.

मराठीचे काय करायचे

मुले इंग्रजी शाळेत जातात आणि "पवित्र शास्त्र" त्यांना अडखळत वाचावे लागते. "अभिषिक्त", "नीतिमान", "प्रायश्चित्त" हे शब्द त्यांच्या रोजच्या जगात नाहीत. म्हणून सगळेच इंग्रजीत करून टाकले तर आजी आणि नातू यांच्यामधला विश्वासाचा धागा तुटतो, कारण आजी मराठीत प्रार्थना करते. आमच्याकडे एक उपाय चालला: एकच उतारा आजी मराठीत वाचेल, मूल इंग्रजीत, आणि मग एक शब्द घेऊन दोघांनी एकमेकांना समजावायचा. आशीर्वाद, प्रभूची प्रार्थना आणि पाठांतराची स्तोत्रे मात्र मराठीतच. आजारपणात, दवाखान्याच्या खाटेवर, माणसाच्या तोंडी लहानपणीचीच भाषा येते.

आपल्या घराची कथा

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले जातात, कशासाठी, तर मुलांनी पुढे विचारावे की हे धोंडे कसले. आपल्या घरातले धोंडे कोणते?

मराठी ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांना विश्वासात आलेल्या पहिल्या पिढीचा माग लागतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८३१ मध्ये सुरू झाले. त्या जिल्ह्यातल्या असंख्य घरांची गोष्ट गावकुसाबाहेरच्या वस्तीत सुरू होते, आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबे मंडळीत आली. मुलांना कधीतरी ऐकावे लागते, "तुमचे पणजोबा धान्यासाठी बाटले." माझ्या मुलीला हे सातवीत ऐकावे लागले. ती रडत घरी आली आणि मी काय सांगावे ते मला त्या क्षणी सुचले नाही.

आता मी आईबापांना सांगते की ही कथा बाहेरच्याने सांगण्याआधी तुम्ही सांगा, साधारण दहाव्या वर्षी, आणि खरी सांगा. पणजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, हे सांगा. दुष्काळात धान्य मिळाले असेल तर तेही सांगा. भुकेल्याला आधी भाकरी देणारा प्रभूच आपला आहे, त्यात लाज कसली? आणि पुढचा प्रश्न मुलालाच विचारू द्या: धान्य आले तसे संपले, मग चार पिढ्या हे घर प्रार्थना का करत राहिले? बाप्तिस्म्यानंतर कोणती नाती तुटली, कोणाला वाळीत टाकले, कोणत्या सुनेने रडत रडत नाव बदलले, हेही त्या कथेत हवे. नुसत्या विजयाच्या गोष्टी मुलांना खोट्या वाटतात, आणि त्या तशा असतातही.

यासाठी एक वही करा. पहिल्या पानांवर वंशावळ, बाप्तिस्म्याचे वर्ष आणि मंडळीचे नाव. पुढे घरच्या प्रार्थना, तारीख घालून. उत्तर मिळाले तर समोर ती तारीख. न मिळालेल्या प्रार्थनाही खोडू नका. आमच्या वहीत माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणाची प्रार्थना आहे आणि तिच्यासमोरची जागा मोकळी आहे. मुलांनी मला त्या जागेविषयी विचारले आहे. स्तोत्र १३ आम्ही तेव्हा एकत्र वाचले, "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नाने सुरू होणारे.

नाताळच्या दिवसांत हे सगळे सहज होते. करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या शेजारी पाठवताना ताट मुलाच्या हाती द्या आणि "नाताळ म्हणजे काय?" असे विचारले तर काय सांगशील, ते आधी त्याच्याकडून ऐका.

मूल मोठे झाले की

चौदा-पंधराव्या वर्षी "मला यायचं नाही" ऐकू आले तर घाबरू नका, आणि त्याच रात्री पाळकसाहेबांना फोनही करू नका. काय पटत नाही ते विचारा आणि पूर्ण ऐका. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असे म्हणणाऱ्या बापाचे काम प्रभूने केले, मार्काच्या नवव्या अध्यायात. शंका घेऊन त्याच्याकडे जाता येते. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला मित्र जातात म्हणून ढकलू नका, एक वर्ष थांबले तर काही बिघडत नाही. मंडळीत मात्र त्याला काम मिळवून द्या: तबला, माईक, लहान मुलांचा वर्ग, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांबरोबर गाडी चालवणे.

माझी चूक सांगते. मुलगा तेरा वर्षांचा असताना उलटून बोलला म्हणून मी त्याला इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातले पहिले वचन, आईबापांची आज्ञा पाळा, पन्नास वेळा लिहायला लावले. त्याने लिहिले. खाली मोठ्या अक्षरांत चौथे वचनही लिहिले, बापांनी मुलांना चिडवू नये असे सांगणारे. मी ती वही फाडली. तीन दिवसांनी त्याची माफी मागितली, घरच्या प्रार्थनेत, सगळ्यांसमोर. आज तो म्हणतो की लहानपणच्या एवढ्या प्रार्थनांतली ती एक त्याला शब्दन् शब्द आठवते. शास्त्र काठीसारखे वापरू नका, आणि वापरलेच तर माफी मागायला उशीर करू नका.

जोडीदार विश्वासात नसेल तर

प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. त्याला बालपणापासून शास्त्र माहीत झाले ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यामुळे. म्हणजे एकटीनेही होते. घरात दोन धर्म असतील तर जोडीदाराच्या पाठीमागे काही करू नका. काय करणार ते त्याला आधी सांगा, त्याच्या आईवडिलांविषयी मुलांसमोर वावगे बोलू नका. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे आकांत करत होत्या. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळतच. टिळकांनी ते चालू दिले. त्या ख्रिस्ती झाल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत येऊन, आणि मग टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तचरित्रही त्यांनीच पुरे केले. जी गोष्ट पत्नीच्या बाबतीत खरी, ती मुलांच्या बाबतीतही.

आजी-आजोबा आणि दूरची नातवंडे

मुलगा बंगलोरला, मुलगी कॅनडात. रविवारी व्हिडिओ कॉल होतो आणि "जेवलास का, थंडी आहे का" यात संपतो. त्यातली तीन मिनिटे वेगळी काढा. आजोबांनी लहानपणची एक छोटी गोष्ट सांगावी, दर वेळी नवी, आणि शेवटी नातवंडांचे नाव घेऊन तोच आशीर्वाद द्यावा. नातवाने आजोबांसाठी एका वाक्याची प्रार्थना करावी. दुसरी बाजू मोठी माणसे विसरतात, पण नातवाच्या तोंडून आपले नाव ऐकल्यावर गुडघेदुखीचे आजोबा दोन दिवस हसत असतात.

आणि हे काम या आठवड्यातच करा. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ फोन घेऊन बसा आणि रेकॉर्डिंग सुरू ठेवून तीन गोष्टी विचारा: आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला, तुमच्या आईचे आवडते गीत कोणते, आणि देवावर चिडला होता तो दिवस कोणता. गीत त्यांना म्हणायला लावा, सूर लागला नाही तरी. मग फाइलला त्यांचे नाव आणि तारीख द्या आणि ती घरातल्या प्रत्येकाला पाठवा. माझ्या आजीचा आवाज आमच्यापैकी कोणाकडेही नाही.